मुक्काम पोस्ट हुडकेश्वर

आमच्या घराला दोन क्रमांक आहेत. एक ग्रामपंचायतीच्या अमदानीतला. दाराच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आणि आता निम्मा पुसून गेलेला. दुसरा महापालिकेचा, पत्र्याच्या पट्टीवर उमटवून खिळ्यांनी ठोकलेला. हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिणेचे एक खेडे होते तोवर पहिला क्रमांक पुरेसा होता. खरे म्हणजे तोही नसता तरी अडले नसते. नाव आणि खाली 'मुक्काम पोस्ट हुडकेश्वर' एवढे लिहिले की पत्र पोचे. पुढे शहर वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आले, बांध ओलांडून आत शिरले आणि गाव महापालिकेच्या हद्दीत गेले. नवे क्रमांक पडले. पण सोयरेधायरे, लग्नपत्रिका धाडणारे, विम्याच्या हप्त्याची आठवण देणारे, ह्या साऱ्यांच्या वह्यांत जुनाच क्रमांक राहिला. तरीही त्या दोन-तीन वर्षांत आमचे एकही पत्र गहाळ झाले नाही. ह्याचे श्रेय आमच्या पोस्टमनचे. त्याने दोन्ही याद्या डोक्यात ठेवल्या होत्या आणि कोणत्याही क्रमांकाचे पत्र तो बरोबर आमच्याच फाटकात टाकी.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. तिची आठवण झाली ती एका अर्जामुळे.

माझी नात अभियांत्रिकी शिकते. एका शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरून भरायचा होता आणि मुदतीची शेवटची रात्र होती. दहाच्या सुमारास तिने आपल्या फोनच्या जोडणीवरून अर्ज धाडला, तर समोर पाटी उमटली की, ह्या पत्त्यावरून फार विनंत्या येत आहेत, काही वेळाने प्रयत्न करा. काही वेळाने पुन्हा तीच पाटी. मी म्हणालो, "अगं, आपण तर एकदाच अर्ज केला. फार विनंत्या कुणी केल्या?"

"आजोबा, हा पत्ता आपल्या एकट्याचा नाहीच मुळी," ती म्हणाली. "कंपनीनं एकाच पत्त्यावर शेकडो गिऱ्हाइकं बसवली असतील. कुणीतरी तिकडे गोंधळ घालून राहिला आणि दार आपल्यासाठी बंद झालं."

अखेर शेजारच्या काकूंकडे वेगळ्या कंपनीची तार होती, तिथे धावत जाऊन बारा वाजायला वीस मिनिटे असताना अर्ज गेला. मुलीचे वर्ष वाचले. पण प्रश्न माझ्यापाशी राहिला. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इंटरनेटवर ज्याला त्याला आपला पत्ता असतो असे मी ऐकून होतो. मग एका पत्त्यावर शेकडो बिऱ्हाडे कशी आली? त्याचा इतिहास धुंडाळताना मला जे सापडले ते, वाचकहो, आमच्या दारावरच्या दोन क्रमांकांच्या कथेपेक्षा फारसे वेगळे नाही.

१

१९७४ च्या मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि बॉब कान ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळी जाळी एकमेकांना जोडायची तर सर्वांना समजेल अशी एक पत्रव्यवहाराची रीत हवी, असा त्याचा आशय. मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घालायचा आणि वाटेतल्या यंत्रांनी केवळ पत्ता पाहून पाकीट पुढे ढकलायचे. ह्याच कल्पनेतून इंटरनेटची रीत घडत गेली आणि १९८१ च्या सप्टेंबरात तिची चौथी आवृत्ती कागदावर पक्की झाली. तिच्यात पत्त्यासाठी ३२ अंकांची जागा होती. प्रत्येक अंक शून्य किंवा एक. म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्या वेळी जगाची लोकसंख्याच साडेचार अब्जांच्या घरात होती; तेव्हा माणशी एक पत्ताही त्यात बसत नव्हता. पण हा सारा प्रकार तेव्हा एक प्रयोग होता. संगणक खोलीएवढे असत आणि माणूस तो खिशात घालून हिंडेल, हे कुणाच्या स्वप्नात नव्हते. आमच्या ग्रामपंचायतीने तरी क्रमांक घालताना पुढे येणाऱ्या वसाहतींचा विचार कुठे केला होता?

ह्या जाळ्याने आधीची रीत सोडून नवी स्वीकारली ती १ जानेवारी १९८३ रोजी, आणि एका ठरलेल्या दिवशी. त्याआधी १९८२ साली एकदा जुना मार्ग दिवसभर बंद ठेवून रेंगाळणाऱ्यांना इशाराही देण्यात आला होता. तरी काहींची धांदल उडालीच. 'ह्या बदलातून मी तरलो' अशा अर्थाचे बिल्ले तेव्हा वाटले गेले, ही त्यातली गमतीची गोष्ट. पण यंत्रे काही शेच होती, म्हणून एका दिवसात हे जमले. पुन्हा तसे कधीच जमणार नव्हते.

पत्त्यांची वाटणीही त्या काळी सढळ हाताने झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला एकटीला १,६७,७७,२१६ पत्त्यांचा गठ्ठा मिळाला होता. आपल्याकडे अर्नेट हा शिक्षणसंस्थांना जोडणारा प्रकल्प १९८६ साली सुरू झाला. त्यात मुंबईची आय. आय. टी. आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ह्यांचा मोठा वाटा होता. सामान्य गिऱ्हाइकासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या हातून. म्हणजे पंगतीला आपण आलो तेव्हा पहिली वाढ होऊन गेली होती. पुढे २०१३ साली भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने जो आराखडा काढला, त्यात देशापाशी असलेले जुने पत्ते सुमारे साडेतीन कोटी आणि ते वापरणारे सुमारे छत्तीस कोटी, असा हिशेब दिला आहे. दहा माणसांत एक पत्ता!

२

ह्या टंचाईवर १९९४ साली एक तोडगा लेखी मांडला गेला. तो समजायला महालातला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्याला रस्त्यावर एकच दिंडी दरवाजा आणि आत बारा बिऱ्हाडे. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक. आतल्या कुणी पत्र लिहिले की दारावरचा दिवाणजी त्यावर वाड्याचा पत्ता घालतो, वहीत कुणाचे ते टिपतो आणि उत्तर आले की त्या बिऱ्हाडात नेऊन देतो. तोडगा मोठा चतुर, आणि त्यानेच जुनी रीत इतकी वर्षे तगवली. मोबाईल कंपन्यांनी मग वाड्यावर वाडा चढवला आणि शेकडो गिऱ्हाइके एका पत्त्यामागे बसवली.

पण वाड्याची दुखणीही त्यात आली. बाहेरच्याने आपण होऊन आतल्या बिऱ्हाडाला हाक मारावी, तर दिवाणजीच्या वहीत नोंद नाही म्हणून ती परत जाते. आणि एका बिऱ्हाडकरूने उधारी बुडवली तर वाणी साऱ्या वाड्याची उधारी बंद करतो. माझ्या नातीवर त्या रात्री आलेला प्रसंग तो हाच. ज्याला स्वतःचा पत्ता नाही त्याला स्वतःची पतही नाही. दुसऱ्याचे पाप त्याच्या नावे मांडले जाते. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या पोलिसांपुढेही हाच पेच येतो. पत्ता हाती लागतो, पण त्यामागे माणसे शेकडो.

खरा उपाय मोठ्या पत्त्याचाच होता. त्यावर १९९० नंतर पुष्कळ वाद झाले, अनेक योजना पुढे आल्या आणि १९९४ च्या जुलैमध्ये टोरांटोच्या बैठकीत निवड झाली. १९९५ च्या डिसेंबरात सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. (पाचवा आकडा एका वेगळ्या प्रयोगासाठी आधीच खर्ची पडला होता.) स्टीव्ह डीअरिंग आणि रॉबर्ट हिंडेन हे तिचे कर्ते. ह्या आवृत्तीत पत्ता १२८ अंकांचा. एकूण पत्त्यांची संख्या लिहायला एकोणचाळीस आकडे लागतात. माझ्या फोनमधला असा पत्ता नातीने मला दाखवला. आकड्यांत मधूनच इंग्रजी अक्षरे, आणि गटांच्या मध्ये आपल्या विसर्गासारखी दोन-दोन टिंबे. पाठ करायची सोय नाही. पण माझा, एकट्याचा.

३

मात्र एक गोम होती. चौथी आणि सहावी ह्या दोन रीती एकमेकींची भाषा जाणत नाहीत. जुन्या पाकिटात नवा पत्ता मावत नाही आणि नव्या पाकिटाकडे जुने यंत्र ढुंकूनही पाहत नाही. यंत्रे आता कोट्यवधी. एका रात्रीत पालट होणे अशक्य. मग संक्रमण करायचे कसे?

नागपूरकराला हे समजायला कठीण जाऊ नये. इतवारी स्थानकावर अडीच फुटी नॅरोगेज आणि साडेपाच फुटी ब्रॉडगेज अशी दोन मापे कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदली. उमरेड-नागभीडकडे जाणारी छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, ती रुळांची रुंदी वाढवण्यासाठी. त्या गाडीच्या पिढीतली इंजिने आता मोतीबागेच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. दोन मापांच्या रुळांवर माल कसा न्यावा, ह्याची तीन उत्तरे रेल्वेवाल्यांना ठाऊक होती आणि इंटरनेटवाल्यांनी अजाणता तीच तीन शोधली.

पहिले उत्तर: एकाच मार्गावर दोन्ही मापांचे रूळ टाका. यंत्राला जुना आणि नवा, दोन्ही पत्ते द्या. समोरचा ज्या रीतीने बोलेल त्या रीतीने त्याच्याशी बोला. हा सर्वांत सरळ मार्ग. माझा पोस्टमन हेच करी. पण त्यात जुना पत्ता लागतोच, आणि टंचाई तर त्याचीच.

दुसरे उत्तर: छोट्या मापाचे इंजिन मोठ्या मापाच्या उघड्या वाघिणीवर चढवून न्यायचे. नव्या रीतीचे पाकीट जसेच्या तसे जुन्या पाकिटात घालायचे, जुन्या मुलखातून पार करायचे आणि पलीकडे बाहेर काढायचे. ह्याला बोगदा म्हणतात. २००१ साली ह्याची एक आपोआप चालणारी पद्धत निघाली आणि काही काळ फार वापरली गेली. पण वाटेत कुणाची वाघीण कुठे अडकली, ह्याला जबाबदार कुणीच नसे. २०१५ साली तिच्या सार्वजनिक स्वरूपाला रीतसर निरोप देण्यात आला.

तिसरे उत्तर: फलाटावर हमाल लावून एका गाडीतला माल दुसरीत भरायचा. इथे पाकिटाचे भाषांतरच होते. २०११ च्या एप्रिलमध्ये ह्याचे नियम ठरले. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याला मोबाईलसाठी एक जोड मिळाली: फोनच्या आतच एक छोटा दुभाष्या बसवायचा. जुन्या वळणाच्या एखाद्या ॲपला जुनाच पत्ता हवा असला तर दुभाष्या त्याची समजूत काढतो. बाहेर सारा प्रवास नव्या रीतीने होतो आणि गरज पडली तर कंपनीच्या टोकाला दुसरा दुभाष्या त्याचे पुन्हा जुन्यात रूपांतर करतो. आज जगातल्या असंख्य फोनांत हा दुभाष्या गुपचूप बसलेला आहे आणि फोनधन्याला त्याची वार्ताही नाही.

४

इथवर पत्ता बदलण्याची कथा झाली. पण मोबाईलचा खरा स्वभाव हिंडण्याचा. घर जागचे हलत नाही. फोन मात्र सकाळी हुडकेश्वरात, दुपारी सीताबर्डीत आणि रात्री रेल्वेत. पत्ता हे जागेचे नाव, मग माणूसच हलला तर पत्राने जायचे कुठे?

ह्यावरच्या उपायाचे नाव वाचून मी थक्क झालो. १९९६ साली ठरलेल्या नियमांत फिरत्या यंत्राच्या तात्पुरत्या पत्त्याला चक्क 'केअर ऑफ' पत्ता म्हटले आहे. बदलीच्या नोकरीत ज्यांचा जन्म गेला त्यांना 'द्वारा श्री. अमुक' ही ओळ नवी नाही. योजना अशी: प्रत्येक फिरत्या यंत्राला एक कायमचा, माहेरचा पत्ता. माहेरी एक विश्वासू माणूस बसलेला. यंत्र नव्या गावी गेले की त्याने तिथला 'द्वारा' पत्ता माहेरी कळवायचा. माहेरचा माणूस आलेली पत्रे नव्या पाकिटात घालून पुढे धाडणार.

सहाव्या आवृत्तीसाठी ही योजना २००४ च्या जूनमध्ये नियमबद्ध झाली तेव्हा तिच्यात दोन शहाणपणाच्या गोष्टी आल्या. पहिली: शेजारच्या गल्लीतल्या मित्राचे पत्र आधी माहेरी जाऊन मग परत यावे, हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी मित्रालाच नवा पत्ता कळवण्याची सोय झाली. पण मग दुसरा प्रश्न उभा राहिला. कुणी लबाडाने माझ्या नावाने 'पत्ता बदलला' असे कळवून माझी पत्रे पळवली तर? त्यावर युक्ती अशी की, मित्राने दोन अर्ध्या खुणा धाडायच्या, एक माहेरच्या पत्त्यावर आणि दुसरी 'द्वारा' पत्त्यावर. दोन्ही जुळवून जो उत्तर देईल तोच खरा. दोन हातांत दिलेली एका किल्लीची दोन शकले म्हणा ना!

तरीही ही योजना बाजारात फारशी चालली नाही. प्रत्येक फोनाने स्वतः कळवत बसायचे, हे जड होते. मग २००८ च्या ऑगस्टमध्ये निराळा विचार नियमबद्ध झाला, की फिरणाऱ्याला काही करायलाच लावू नये; तो कुठे गेला हे जाळ्यानेच ओळखावे आणि माहेरी कळवावे.

हे वाचताना मला कामठी आठवली. नागपूरच्या त्या छावणीत सैन्याच्या टपालसेवेचे केंद्र आहे. आमच्या भागातली कित्येक मुले फौजेत. त्यांच्या आया पत्रावर पलटणीचे नाव आणि '५६ ए. पी. ओ.' किंवा '९९ ए. पी. ओ.' एवढेच लिहीत आल्या. मुलगा लडाखला आहे की राजस्थानात, हे आईला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. पलटण हलली की टपालसेवा आपल्या याद्या बदलते. आईच्या हातचा पत्ता बदलत नाही. हिंडणाऱ्यावर भार न टाकता व्यवस्थेने तो आपल्या डोक्यावर घ्यायचा, ही तीच कल्पना. आजच्या मोबाईल जाळ्यांत ह्याच तत्त्वावर काम चालते, फक्त बहुतेक कंपन्यांनी २००८ च्या नियमाऐवजी दूरध्वनीच्या जगात घडलेली बोगद्याची निराळी पद्धत पसंत केली. एक मुख्य नाके गिऱ्हाइकाचा पत्ता धरून बसते आणि गिऱ्हाईक ज्या मनोऱ्याखाली जाईल तिकडे बोगदा वळवला जातो. म्हणून बसमध्ये बसून हुडकेश्वरहून बर्डीला जाताना फोनचा पत्ता बदलत नाही आणि बोलणे तुटत नाही.

तुटते ते फाटकाशी. मुलगा पुण्याहून चित्रासह बोलत असतो, मी त्याला अंगणातला पारिजातक दाखवायला निघतो. घरची वायफाय संपून मोबाईलचे जाळे सुरू होते आणि नेमके तिथे त्याचे तोंड गोठते. कारण ही दोन वेगळी माहेरे. एकाची यादी दुसऱ्याजवळ नाही. ह्यावर २०२१ च्या मे महिन्यात एक नवी रीत नियमबद्ध झाली. तिच्यात संभाषणाला पत्त्याहून वेगळी अशी स्वतःची खूण दिली आहे; पत्ता बदलला तरी खूण तीच, म्हणून बोलणे चालू राहू शकते. 'तू कोण' आणि 'तू कुठे' हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे कळायला पाव शतकाहून अधिक काळ लागला. आपल्या पत्रावर मात्र वर नाव आणि खाली मुक्काम, हे पहिल्यापासून दोन ओळींत लिहीत आले आहेत.

५

३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचे मध्यवर्ती कोठार रिकामे झाले आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचे कोठारही अखेरच्या गठ्ठ्यावर येऊन रेशनिंग सुरू झाले. ६ जून २०१२ ला जगातल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांनी नवी रीत कायमची सुरू केली. आपल्याकडे दूरसंचार नियामकाने २००६ सालीच शिफारशी केल्या होत्या. सरकारचा पहिला आराखडा २०१० च्या जुलैमध्ये आला. तरी चाल गोगलगाईची होती. ती पालटली ५ सप्टेंबर २०१६ नंतर. रिलायन्स जिओचे नवे मोबाईल जाळे सहाव्या आवृत्तीला धरूनच उभारलेले होते आणि पाहता पाहता कोट्यवधी माणसे नव्या पत्त्यावर राहायला गेली. आज जगाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असताना भारताचे त्याहून पुष्कळ वर आहे. पंगतीत उशिरा आल्याचा हा असाही लाभ: ज्याच्या वाट्याला जुने आले नाही, त्याला नवे लवकर उचलावे लागले.

नव्या पत्त्याला एक धोकाही चिकटून आला. सुरुवातीला त्याचा अर्धा भाग यंत्राच्या कायमच्या अंगच्या क्रमांकावरून बने. म्हणजे माणूस कुठेही गेला तरी त्याचा माग लागे. २००१ सालच्या नियमाने ह्या भागासाठी अधूनमधून बदलणारे आकडे घालण्याची सोय केली. आपला पत्ता असावा, पण तो बेडी होऊ नये, हा तोल सांभाळावाच लागतो.

हे सारे मी नातीला सांगितले तेव्हा ती हसली. "आजोबा, त्या रात्री माझ्या फोनला नवा पत्ता होताच. पण अर्ज घेणाऱ्यांचं दार फक्त जुन्या रीतीचं होतं. म्हणून मला दुभाष्याकडून, त्या शेकडो जणांच्या पत्त्यावरून जावं लागलं."

म्हणजे आपण एकट्याने बदलून भागत नाही. ज्याच्या दारी जायचे त्यानेही बदलायला हवे. तोवर हमाल, वाघिणी आणि दुभाषे ह्यांची गरज आहेच. १९९५ साली निघालेले हे संक्रमण अजून पुरे झालेले नाही, आणि ते ज्यांच्या जिवावर चालले आहे ते मधले लोक कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

आमचा तो पोस्टमन आता निवृत्त झाला. दर दिवाळीला तो फराळाला येतो. यंदा त्याला मी चौकटीवरचा जुना क्रमांक दाखवून म्हटले, "रंगकाम काढले आहे, हा आता पुसून टाकू ना?"

तो क्षणभर थांबून म्हणाला, "राहू द्या, गुरुजी. एखाद्याच्या वहीत अजून तोच असेल."

मी रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगितली आहे.